कफील बुडाला तेव्हा

"म्हणजे तुझा कफील बुडाला म्हण की!"

अब्बा फोनवर एवढंच म्हणाले आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं. मार्च २०२४ची गोष्ट. न्यू जर्सीतली माझी कंपनी बंद झाली होती. एच-१बी व्हिसा म्हणजे काय, ग्रीन कार्डची रांग कशी असते, कंपनी बंद झाल्यावर माझं इथलं राहणंच का धोक्यात येतं, हे मी त्यांना अर्धा तास समजावत होतो. अब्बांनी एकवीस वर्षं सौदीत, जुबैलला पाइप फिटर म्हणून काढली. त्यांना एक शब्द पुरला.

आमच्या खेड-चिपळूणकडच्या मुसलमान घरांत कफील कोण हे कुणाला सांगावं लागत नाही. इतर वाचकांसाठी सांगतो. आखाती देशांत कामाला गेलेल्याचा परवाना एका मालकाच्या नावावर निघतो, तो कफील. राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, त्यानेच काढायचा आणि त्यानेच नूतनीकरण करायचं. त्याने नाही केलं तर बेकायदा ठरतो कामगार. २०१६ साली तेलाचे भाव पडलेले असताना सौदीतल्या मोठमोठ्या बांधकाम कंपन्या अडचणीत आल्या, हजारो भारतीय कामगार पगाराविना कॅम्पांत अडकले आणि आपले परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग यांना तिकडे जावं लागलं, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. अब्बा त्या वर्षी अडकलेल्यांपैकीच. त्यांची कंपनी लहान, पेपरात नाव येण्यासारखी नव्हती. सात महिने पगार नाही, इकाम्याची मुदत संपलेली, गेटबाहेर पडायची भीती. घरी आले ते एका बॅगेनिशी. त्या सात महिन्यांच्या रियालांचा हिशेब ते आजही तोंडपाठ सांगतात.

मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होतो आणि अमेरिकेची स्वप्नं बघत होतो. आपलं असं होणार नाही, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आपण शिकलेले, कॉम्प्युटरवाले. आपल्याला कफील नसतो, एम्प्लॉयर असतो.

ऑक्टोबर २०१७मध्ये मी एच-१बीवर इथे आलो. सोबत बायको आणि दोन वर्षांची मुलगी, दोघी एच-४वर, म्हणजे माझ्या व्हिसाच्या आधाराने. एच-१बीची मुदत एकूण सहा वर्षांची. त्यापुढे राहायचं तर ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचलेली असावी लागते. ही प्रक्रिया तीन पायऱ्यांची. आधी पर्म: या जागेसाठी लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही, हे कंपनीने जाहिराती देऊन कामगार खात्याला पटवायचं. मग आय-१४०: या माणसाला आम्ही कायमची नोकरी देऊ इच्छितो आणि त्याचा पगार देण्याची आमची ऐपत आहे, असा कंपनीचा अर्ज. आणि शेवटी, रांगेत आपला नंबर आला की आय-४८५, प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज. यातला फक्त तिसरा अर्ज आपला स्वतःचा. पहिल्या दोन अर्जांवर सही कंपनीची, वकील कंपनीचा, आणि फाइलही कंपनीचीच. पर्म ज्या दिवशी दाखल होतो ती तारीख म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट, रांगेतली तुमची जागा. माझी एप्रिल २०२२ची आहे. कंपनी बंद झाली त्या महिन्यात भारतीयांच्या ईबी-२ रांगेत २०१२च्या सुरुवातीच्या तारखांचे नंबर लागत होते. दहा वर्षांचं अंतर दिसतं, पण मधल्या प्रत्येक वर्षात माणसं इतकी खच्चून भरलेली आहेत की ते अंतर दहा वर्षांत कापलं जाणार नाही, हे रांगेतल्या प्रत्येकाला माहीत असतं.

८ मार्च, शुक्रवार. दुपारी व्हिडिओ कॉल. तीसेक माणसांची कंपनी, मालक आपल्याकडचाच. गहिवरून बोलला. मोठा ग्राहक गेला, बँकेने कर्ज वाढवून दिलं नाही, आजचा शेवटचा दिवस. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीला बंद होण्याआधी साठ दिवस नोटीस द्यावी लागते, असा १९८८चा कायदा इथे आहे. तीस माणसांच्या कंपनीला तो लागू नाही. संध्याकाळपर्यंत लॉगिन बंद झालं. सोमवारी पहिला रोजा होता.

शेवटच्या पगाराच्या दिवसानंतर मोजून साठ दिवस मिळतात. त्याआधीच तुमच्या आय-९४वरची मुदत संपत असेल तर तेवढेच दिवस. हा नियम जानेवारी २०१७पासूनचा. त्यापूर्वी एकही दिवस मिळत नसे. म्हणजे मी नशीबवान पिढीतला. माझे साठ दिवस ७ मेला संपणार होते. त्याआधी नव्या कंपनीने माझ्या नावाने एच-१बीचा अर्ज इमिग्रेशन खात्यात पोहोचवायला हवा. अर्जाची पोच मिळाली की मंजुरीची वाट न बघता काम सुरू करता येतं. ही सोय २००० सालच्या एका कायद्याने केली आणि तिच्यामुळे माझ्यासारखे लाखो लोक तरले असतील.

पण नोकरी शोधण्याआधी मला एक गोष्ट कळायला हवी होती. माझ्या आय-१४०चं काय होणार? वकिलाला फोन केला. गेली दोन वर्षं माझ्या नावाने पत्रं लिहिणारा हा माणूस अगदी सौजन्याने म्हणाला, "माझी अशील कंपनी आहे. तुम्हाला सल्ला देता येणार नाही. तुम्ही स्वतंत्र वकील बघा." फाइलची प्रत मागितली तर म्हणाला, कंपनीची परवानगी लागेल. कंपनीत फोन उचलायला कोणी उरलं नव्हतं.

माझ्याकडे आय-१४०च्या मंजुरीची प्रत होती ती निव्वळ बायकोमुळे. एच-४वरच्या जोडीदाराला काम करायचा परवाना हवा असेल तर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मंजूर आय-१४०चा पुरावा जोडावा लागतो. तिने त्यासाठी महिनाभर माझ्यामागे लकडा लावला, मी एचआरच्या मागे लावला आणि एकदाची ती पीडीएफ आली. मी ती उघडूनही पाहिली नव्हती. त्या रात्री उघडली. मंजुरीची तारीख २१ ऑगस्ट २०२३. ८ मार्चपर्यंत बरोबर दोनशे दिवस.

हा दोनशेचा आकडा मला जन्मभर लक्षात राहील, कारण नियम एकशेऐंशी दिवसांचा आहे. आय-१४० मंजूर होऊन एकशेऐंशी दिवस झाले असतील, तर कंपनी बंद पडल्याने ते आपोआप रद्द होत नाही. रांगेतली तारीखही टिकते आणि त्याच्या आधारावर दुसऱ्या कंपनीकडून सहा वर्षांपुढचा व्हिसाही वाढवून घेता येतो. एकशेऐंशीच्या आत कंपनी बुडाली तर मंजुरी रद्द होते. फसवणूक किंवा गंभीर चूक निघाली नसेल तर तारीख तेव्हाही तुमचीच राहते, पण सहा वर्षं संपलेल्या माणसाला पुढचा व्हिसा त्या कागदावर मिळत नाही. माझी सहा वर्षं सप्टेंबर २०२३मध्येच संपली होती. मालकाने तीन आठवडे आधी हात टेकले असते, तर मी आज हे न्यू जर्सीतून लिहीत नसतो. मी यात काय केलं? काहीच नाही.

शेजारच्या टेबलावर बसणारा माझा सहकारी हैदराबादचा. कामात माझ्यापेक्षा हुशार, हे मी त्याच्या तोंडावरही म्हटलंय. त्याचा पर्म मंजूर झाला होता. मंजुरीनंतर एकशेऐंशी दिवसांत आय-१४० दाखल करावा लागतो. कंपनी पैशांच्या ओढाताणीत होती, "पुढच्या महिन्यात करू" चाललं होतं. पुढचा महिना आला नाही. पर्म हा त्या कंपनीतल्या त्या नोकरीचा असतो, माणसाचा नसतो. कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली असती, तर नव्या मालकाला वारस म्हणून ते प्रकरण पुढे नेता आलं असतं. इथे घेणाराच नव्हता. त्यामुळे त्याच्या हातात तारीख नाही, काही नाही. सहाव्या वर्षात असलेल्या माणसाला घेऊन पर्म पहिल्यापासून सुरू करायला कोण तयार होणार? एप्रिलच्या शेवटी त्याने घरातलं सामान फेसबुकवर विकायला काढलं. त्याच्या मुलाची सायकल आमच्याकडे आहे.

ग्रुपवर त्या दिवसांत सल्ल्यांचा पाऊस पडतो. बी-२ टाका, म्हणजे पर्यटक व्हा, सहा महिने मिळतील. अर्ज साठ दिवसांच्या आत टाकला तर तो प्रलंबित असेपर्यंत थांबता येतं, हे खरं. पण त्या काळात काम करता येत नाही आणि घरभाडं पर्यटक म्हणून माफ होत नाही. कॉलेजात नाव घाला, असंही सांगतात. काही कॉलेजं पहिल्या दिवसापासून नोकरीची परवानगी देतो म्हणून फी उकळतात, त्यांच्यापासून लांब राहा, पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा जाब द्यावा लागतो. जोडीदाराचा स्वतःचा एच-१बी असेल तर त्याच्या आधाराने एच-४ घेणं सगळ्यात सरळ. माझ्या बायकोचा परवाना माझ्याच व्हिसावर टांगलेला होता, त्यामुळे माझ्याबरोबर तिचंही दुकान बंद होणार होतं. स्वतःच स्वतःला स्पॉन्सर करायचा मार्गही आहे, राष्ट्रहिताची सूट म्हणतात त्याला. आपल्या कामाचं महत्त्व सिद्ध करता येत असेल तर कंपनी लागत नाही. पण त्यात मिळते ती भारतीयांच्या त्याच ईबी-२ रांगेतली जागा, साठ दिवसांनंतर राहायचा परवाना मिळत नाही. मंजूर आय-१४० असलेल्यांसाठी 'अपरिहार्य परिस्थिती'चा एक वर्षाचा कामाचा परवाना असतो. नुसती नोकरी गेली एवढं कारण त्याला सहसा पुरत नाही, आणि तो वापरला की तुम्ही एच-१बीतून बाहेर पडता. नंतर परत एच-१बी हवा असेल तर देशाबाहेर जाऊन यावं लागतं.

आणि बाहेर जाऊन येणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने २१ सप्टेंबर २०२५पासून, देशाबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम बसली. इथे राहून, मुदतीच्या आत कंपनी बदलणाऱ्याला ती लागू नाही, असं इमिग्रेशन खात्याने नंतर स्पष्ट केलं. माझ्या वेळी साठ दिवस चुकले असते तर चिपळूणला जाऊन, दुसरी नोकरी बघून, आय-१४०च्या जोरावर परत येता आलं असतं. आज त्याच चुकीची किंमत एक लाख डॉलर असू शकते. कोणती मध्यम कंपनी ती भरेल?

कफालाशी तुलना केली की इथले मित्र चिडतात. कुठे जुबैलचे कॅम्प आणि कुठे एडिसनची अपार्टमेंट! बरोबर आहे. माझा पासपोर्ट कुणी काढून घेतला नव्हता. मला देश सोडायला मालकाची परवानगी लागत नव्हती. पगार थकवला असता तर बारा महिन्यांच्या आत कामगार खात्याकडे तक्रार करता आली असती. अब्बांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही आणि त्यांचे हाल माझ्या हालांशेजारी ठेवायची मला लाज वाटते. पण जोडणारी दोरी तीच आहे. माणसाचं राहणं मालकाच्या असण्यावर टांगलेलं. गंमत म्हणजे कतारने २०२० साली आणि सौदीने मार्च २०२१पासून, मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलायची मुभा द्यायला सुरुवात केली. घरकामगार, ड्रायव्हर सौदीच्या सुधारणेतून वगळलेले, अंमलबजावणी कितपत होते हा प्रश्न वेगळा. पण ज्या व्यवस्थेवर पाश्चात्त्य देश योग्य टीका करत आले, ती कागदावर का होईना सैल झाली. इथली मात्र १९९०च्या कायद्यातल्या आकड्यांवर चाललीय. नोकरीच्या वाटेने वर्षाला एक लाख चाळीस हजार ग्रीन कार्डं, त्यातच बायकामुलं मोजलेली, आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. ईबी-२चे साधारण चाळीस हजार धरले तर भारताचा नियमाचा वाटा होतो अठ्ठावीसशेच्या आसपास, वर इतर देशांचे उरलेसुरले. आइसलँडलाही तेवढीच मर्यादा!

या सात टक्क्यांचा आणि कंपनी बुडण्याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध हाच की छोट्या देशातून आलेला माझ्यासारखाच टेस्टर थोड्या वर्षांत ग्रीन कार्ड घेऊन मालकाच्या दोरीतून सुटतो. भारतीय माणूस पंधरा-वीस वर्षं सुटत नाही. एवढ्या वर्षांत कंपन्या बुडणारच, विकल्या जाणारच, मंदी एकदा तरी येणारच. हा काही अपघात नाही, कायद्यानेच इतका लांब केलेला धोका आहे. २०१९मध्ये प्रतिनिधी सभेने ही देशवार मर्यादा काढायचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

एच-१बी तात्पुरता आहे, नोकरी गेली की परत जायचं, तक्रार कसली, असं म्हणणारे अमेरिकेतही आहेत आणि आपल्या नातेवाइकांतही. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. मला कुणी आमंत्रण धाडलं नव्हतं. पण आय-१४० मंजूर करून 'या माणसाची आम्हाला कायमची गरज आहे' असं याच सरकारने लिहून दिलंय. सात वर्षं याच सरकारने कर घेतलाय. आणि स्थानिक कामगाराचं रक्षण हा हेतू असेल, तर बांधलेला कामगार त्याच्या मुळावरच येतो. दोनशे दिवस मोजणारा माणूस पगारवाढ मागत नाही, रविवारी बोलावलं तरी जातो. मी गेलोय. असा माणूस मिळत असेल तर मालक दुसऱ्याला का घेईल? माझं म्हणणं साधं आहे: आय-१४० मंजूर झाला की कामाचा परवाना त्या माणसाच्या नावाने द्या, आणि साठ दिवसांचे एकशेऐंशी करा. नवीन ग्रीन कार्ड एकही वाढवावं लागणार नाही. एच-१बीवाल्याला मुदतीआधी काढलं तर त्याचं मायदेशी परतीचं भाडं मालकाने द्यायचं, असा नियम आजही आहे. बुडालेल्या मालकाकडून ते कसं वसूल करायचं, ते नियमात नाही. अब्बांचं तिकीटही कफीलनेच द्यायचं होतं.

आणि थोडं आपल्याबद्दल. त्या रमजानमध्ये मी रोज मशिदीत इफ्तारला जायचो आणि कुणी "काम कसं चाललंय" विचारलं की "अल्हमदुलिल्लाह" म्हणून खजूर तोंडात टाकायचो. घरी अम्मीलाही चार दिवस सांगितलं नव्हतं. गावात मुलगा अमेरिकेला असण्याची एक शान असते, ती उतरली तर? साठातले पहिले अठरा दिवस मी या लाजेत घालवले. सतराव्या रोज्याला आमची ताटं उचलता उचलता एका ओळखीच्या चाचांना सांगून टाकलं. ते लखनऊचे, औषध कंपनीत. त्यांनी डोळ्यांत बघून विचारलं, "इतने दिन क्यों नहीं बोले?" पुढचं सगळं त्यांच्या एका ईमेलमधून झालं. ईद १० एप्रिलला होती, माझा तेहतिसावा दिवस; दोन मुलाखती झाल्या होत्या आणि शीरखुर्मा गोड लागला की नाही ते आठवत नाही. नव्या कंपनीचा अर्ज त्रेपन्नाव्या दिवशी, ३० एप्रिलला पोहोचला.

तारीख एप्रिल २०२२चीच राहिली. मात्र नव्या कंपनीने पर्म आणि आय-१४० पुन्हा पहिल्यापासून करायचे, त्यात दोनेक वर्षं सहज जातात. मुलगी २०३६मध्ये एकवीस वर्षांची होईल. तोपर्यंत नंबर लागला नाही तर ती माझ्या आधारातून बाहेर पडेल आणि जिथे पहिलीपासून शिकली त्या देशात परदेशी विद्यार्थिनी म्हणून व्हिसा मागेल. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

पर्म मागच्या हिवाळ्यात दाखल झाला. मी त्याच दिवशी एचआरला ईमेल केला: दाखल केलेल्या अर्जाची, आणि पुढे आय-१४०ची पोच व मंजुरी येईल तेव्हा त्यांचीही प्रत द्यावी. उत्तर आलं की असं सहसा देत नाही, विचारून सांगतो. मी दर सोमवारी आठवण करतो. अब्बाही दर शुक्रवारी नमाजनंतर फोनवर विचारतात, "नवा कफील कसा आहे रे? पगार वेळेवर देतो ना?"